सहावीनंतर वर्गातले हात का थांबतात?

जिल्हा परिषदेच्या एखाद्या बऱ्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात डोकावले, तर जमिनीवर रंगवलेली संख्यारेषा दिसते, मण्यांच्या माळा, चिंचोके, दशकाचे गठ्ठे आणि अक्षरकार्डे दिसतात. मुले खाली बसलेली असतात, काहीतरी हलवत, मोजत, मांडत असतात. त्याच इमारतीत सातवीच्या वर्गात बाके, फळा आणि वही एवढेच उरते. बाई प्रश्नाचे उत्तर सांगतात, मुले लिहून घेतात. गेल्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रात कृतीतून शिकण्याविषयी जे बोलले, लिहिले आणि केले गेले, त्यातले बहुतेक चौथीपर्यंतच्या मुलांविषयी आहे. कुमठे बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम राज्यभर नेला, शिक्षकांचे जथे एकमेकांच्या शाळा पाहायला गेले. त्यातून प्राथमिक वर्गांचे रूप बदलले, हे मान्यच करायला हवे. पण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

कायद्यात मात्र असा भेद नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ पहिली ते आठवी हा एकच सलग टप्पा मानतो आणि त्याचे २९ वे कलम कृती, शोध आणि धुंडाळणे यांतून शिकण्याविषयी बोलते. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन, ३५ मुलांमागे एक शिक्षक, भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी किमान एकेक शिक्षक, शंभरांहून अधिक पट असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, एवढे सगळे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. महाराष्ट्रात पूर्वी पाचवी ते सातवी म्हणजे उच्च प्राथमिक आणि आठवी माध्यमिकाला जोडलेली. नव्या रचनेत आठवी खाली आली तरी अनेक गावांत ती अजून हायस्कूलमध्येच भरते. हा टप्पा त्यामुळे ना प्राथमिकवाल्यांना आपला वाटतो, ना माध्यमिकवाल्यांना. प्रशिक्षणे होतात ती खालच्या वर्गांच्या वाचन-गणनासाठी किंवा वरच्या वर्गांच्या दहावीसाठी.

या वयात अभ्यासक्रमाचे स्वरूप एकदम बदलते, हे लक्षात घेतले नाही तर प्रश्नच कळत नाही. चौथीपर्यंतच्या बहुतेक गोष्टी हातात धरता येतात: पाच आंबे, अर्धी भाकरी, लिटरचे माप. सहावीपासून ऋण संख्या येतात, अक्षरे संख्यांची जागा घेतात, अणू-रेणू, दाब, रेखांश, संविधान येते. यातले काहीच मुठीत मावत नाही. बऱ्याच शिक्षकांचा, आणि पालकांचाही, असा समज आहे की आता मुले मोठी झाली, आता मणी आणि काड्या नकोत, आता ‘अभ्यास’ करायचा. मला हे अगदी उलट वाटते. विषय हातातून निसटू लागतो तेव्हाच हाताच्या आधाराची गरज वाढते. फक्त तो आधार वेगळ्या जातीचा लागतो. पहिलीत मणी मोजून उत्तर मिळते. सातवीत मोजून जे मिळते ते उत्तर नसते, तो वादाचा मुद्दा असतो, आणि खरे शिकणे त्या वादात होते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी हस्तोद्योगाभोवती अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने त्या अभ्यासक्रमाची शाळा चालवली. सूत कातताना गणित, कापसाच्या शेतात भूगोल आणि विज्ञान, असा समवाय साधायचा होता. स्वातंत्र्यानंतर अशा बुनियादी शाळा सरकारी खात्यात गेल्या, टकळी राहिली आणि तिच्याभोवतीचा विचार सुटला. हे या क्षेत्रातले पहिले मोठे अपयश, आणि त्याची पुनरावृत्ती पुढे अनेकदा झाली. साधन टिकते, साधनाभोवतीचे बोलणे टिकत नाही. सेवाग्रामला २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू झाली आहे आणि तिथे शेती, स्वयंपाक, शिवण यांतून शिकणे चालते, ही समाधानाची गोष्ट.

पण उच्च प्राथमिक वर्गांपुरते बोलायचे तर सगळ्यांत महत्त्वाचा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्यातून ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांपर्यंत तो पोचला. या शाळा साध्या सरकारी शाळा होत्या. प्रयोगशाळा नव्हती, बाके नव्हती, गावातून येणारी मुले होती. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरे नव्हती. मुले गटात बसून प्रयोग करायची, निरीक्षणे वहीत लिहायची, मग वर्गात चर्चा व्हायची आणि निष्कर्ष मुलांच्या शब्दांत उतरायचा. नाणी आणि फासे टाकून आलेल्या निकालांच्या नोंदी ठेवत संभाव्यतेची ओळख करून देणारा पाठही त्यात होता. ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला मुले पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात.

होशंगाबादची आठवण काढताना लोक साहित्याच्या पेटीविषयी बोलतात, खडूच्या खोक्यापासून केलेल्या उपकरणांविषयी बोलतात. माझ्या मते त्या कार्यक्रमाची ताकद इतर दोन ठिकाणी होती. एक, शिक्षकांची मासिक बैठक. तिथे आसपासच्या शाळांतले शिक्षक महिनाभरात वर्गात काय घडले, कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले यावर बोलत, आणि विद्यापीठांतले, संशोधन संस्थांतले लोक त्यांच्यासोबत बसत. दोन, परीक्षा. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होती. उत्तर पाठ असून उपयोगच नाही म्हटल्यावर पाठ करून घेण्याचा मोह आपोआप संपतो. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेली गोष्ट एका निर्णयाने थांबू शकते, ही त्यातली सगळ्यांत दुखरी बाजू आहे.

महाराष्ट्राशी त्याचा धागा जुळतो तो अरविंद गुप्तांमुळे. १९७८ मध्ये ते होशंगाबादला गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आगकाड्यांना जोडून त्रिकोण, चौकोन, घन तयार करण्याची त्यांची पद्धत तिथूनच आली. पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो खेळणी तयार केली आणि सगळी मोफत खुली केली. त्रिकोण दाबला तर आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरका होतो, हे एकदा बोटांना कळले की पत्र्याच्या शेडच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण का असतात, हे मुले स्वतः सांगू लागतात.

आपल्याकडची इतर कामेही मोलाची आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले, पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर केले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी तेव्हापासून सांगत असत की वंचित घरांतली मुले विज्ञानात अडतात त्यात विज्ञानाच्या अवघडपणापेक्षा पुस्तकी भाषेचा वाटा मोठा आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमाचे डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधन सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले. त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयात आठवीपासूनची मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी गावाच्या उपयोगाची कामे करतात. फलटणचे कमला निंबकर बालभवन, पुण्याची अक्षरनंदन, नाशिकची आनंद निकेतन या शाळांनी वरच्या वर्गांतही प्रकल्प आणि परिसरभेटी टिकवून धरल्या. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद’मध्ये केलेले काम खालच्या वर्गांचे होते, पण त्यांचे लेखन सातवीच्या शिक्षकानेही वाचावे असे आहे. उपक्रमाच्या आधी काय विचार केला आणि नंतर मुलांशी काय बोललो, हे त्या सविस्तर लिहीत.

पाठ्यपुस्तकांकडे पाहू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर पुस्तके खूप सुधारली. बालभारतीच्या २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या सहावी ते आठवीच्या विज्ञान पुस्तकांत ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी जागोजागी आहेत. कृती सोप्या आहेत, साहित्य घरातले आहे. अडचण एवढीच की ‘करून पहा’ या चौकटीच्या खालच्याच परिच्छेदात अनेकदा काय दिसेल आणि त्याचा अर्थ काय, हेही छापलेले असते. मग करून पाहायला कारण उरत नाही. वर्गात तास असतो ३५ किंवा ४० मिनिटांचा. शिक्षक चौकट वाचून दाखवतात, खालचा परिच्छेद समजावतात, आणि पाठ पूर्ण होतो. पुस्तकाने कृती दिली, पण ती टाळण्याची सोयही दिली.

कृती केली की शिकणे आपोआप होते, हेही खरे नाही. इंग्लंडमधल्या २५ विज्ञान तासांचे बारकाईने निरीक्षण करून अब्राहम्स आणि मिलर यांनी २००८ मध्ये लिहिले की शिक्षकांचा सगळा जोर मुलांकडून प्रयोग नीट ‘करून घेण्यावर’ असतो. त्या वस्तूंमागच्या कल्पनेविषयी मुलांनी विचार करावा यासाठी तासात जवळजवळ जागाच ठेवलेली नसते. मुलांना काय केले ते आठवते, का केले ते आठवत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये तर असे ठामपणे मांडले की नवख्या मुलाला मार्गदर्शनाविना शोधायला सोडणे निष्फळ ठरते. या मताचा आपल्या कृतिप्रेमी मंडळींना राग येतो. येऊ नये. मुलांना साहित्य देऊन बाजूला उभे राहणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे होशंगाबादच्या शिक्षकालाही मान्य झाले असते. दुसऱ्या बाजूला मायकेल शेअर आणि फिलिप एडी यांनी ऐंशीच्या दशकात अकरा ते तेरा वयाच्या मुलांसाठी दर पंधरवड्याला एक याप्रमाणे दोन वर्षे विचाराला चालना देणारे विज्ञानाचे तास घेतले. त्या मुलांचा फायदा पुढच्या शालान्त परीक्षेत विज्ञानाबरोबर गणित आणि इंग्रजीतही दिसला. तीच पद्धत पुढे इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासली, तेव्हा २०१६ च्या अहवालात तसा फायदा आढळला नाही. पद्धत कागदावर तीच असते, वर्गात ती तशीच उतरेल याची हमी नसते. तासाच्या शेवटी होणाऱ्या बोलण्यातून शिक्षक काय काढून घेतो, यावर सगळे अवलंबून असते.

हे बोलणे म्हणजे नेमके काय, ते उदाहरणांनी सांगतो. जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊस सुरू होतो. सातवीच्या मुलांना एक रुंद डबा आणि एक अरुंद डबा घ्यायला सांगायचा, दोन्हींच्या भिंती सरळ उभ्या असाव्यात. दोन्ही मैदानात उघड्यावर ठेवायचे. आधी प्रत्येकाने वहीत लिहायचे: कुठल्या डब्यात पाण्याची उंची जास्त भरेल? बहुतेक मुले लिहितात, रुंद डब्यात, कारण त्याचे तोंड मोठे. काही लिहितात, अरुंद डब्यात, कारण पाणी तिथे लवकर चढते. सकाळी पट्टी लावून पाहिले की दोन्हींत उंची जवळपास सारखी निघते. इथे तास सुरू होतो. मुलांना हे पटत नाही, ती पुन्हा मोजतात. कोणीतरी म्हणते, रुंद डब्यात पाणी जास्तच आहे, ओतून बघू. ओतून पाहिले की ते खरे ठरते. मग पाणी जास्त आणि उंची सारखी, हे कसे? तोंड दुप्पट क्षेत्रफळाचे असेल तर पाणी दुप्पट पडते, पण तळही दुप्पट असतो. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, लिटरमध्ये का नाही, याचे उत्तर त्या क्षणी मुलांच्याच तोंडून येते. एखाद्या गटाने डबा कडुलिंबाखाली ठेवलेला असतो आणि त्याचा आकडा वेगळा येतो. तो आकडा चुकीचा म्हणून खोडायचा नाही. तो तसा का आला, हा पुढचा प्रश्न. शाळेचे छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि २० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी वाहून गेले? एक हजार लिटर. मार्चमध्ये टँकर येणाऱ्या गावात हे गणित मुले घरी जाऊन सांगतात.

आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा पाठ आहे. तो पाठ करून घेता येतो: एका अंशाला ४ मिनिटे, भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरची. पण मैदानात एक काठी सरळ रोवून तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढले आणि सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला कधी टेकले, दुपारी पुन्हा कधी टेकले एवढे लिहून ठेवले, तर दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे त्या गावचा मध्यान्ह. शंकूच्या सावलीची ही आपल्या ज्योतिर्गणितातली जुनी रीत आहे. मुंबईत समजा सावली ११ वाजता टेकली आणि पुन्हा २ वाजून १८ मिनिटांनी, तर मध्यान्ह निघतो १२ वाजून ३९ मिनिटांनी. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर, ही समजूत तिथेच ढासळते. त्याच दिवशी नागपूरच्या एखाद्या शाळेने हेच केले आणि दोन्ही वर्ग फोनवर बोलले, तर फरक २५ मिनिटांच्या आसपास यायला हवा, कारण दोन्ही शहरांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचे अंतर आहे. कुठल्या गटाला २१ मिनिटे येतील, कुठल्या गटाला २८. का आले? काठी सरळ होती का, घड्याळे जुळवली होती का? मोजण्यातली चूक म्हणजे काय, हे विज्ञानात सगळ्यांत उशिरा शिकवले जाते आणि ते असे सहज शिकता येते. शून्य सावलीचा दिवस हल्ली अनेकांना माहीत झाला आहे, पण महाराष्ट्रात तो एकदा मेच्या सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यातल्या ढगांत. वर्तुळाची रीत हिवाळ्यातल्या कुठल्याही स्वच्छ दिवशी चालते.

बीजगणिताला तर मैदानही लागत नाही. काड्यांनी एक चौकोन करायला ४ काड्या, त्याला चिकटून दुसरा केला तर ७, तिसरा केला तर १०. शंभर चौकोनांना किती? एक मुलगी म्हणते, पहिल्याला ४ आणि मग प्रत्येकाला ३. दुसरा म्हणतो, प्रत्येकाच्या ४ धरा आणि सामाईक काड्या वजा करा. तिसरी म्हणते, वरच्या शंभर, खालच्या शंभर आणि उभ्या एकशेएक. तिघांचेही उत्तर ३०१. आता ‘न’ चौकोनांसाठी लिहा. तीन वेगवेगळ्या राशी फळ्यावर येतात आणि त्या सारख्या का आहेत हे मुलांना काड्यांकडे बोट दाखवून सांगता येते. कंसाबाहेर काढणे, सरूप पदे एकत्र करणे, हे सगळे यानंतर शिकवावे. त्याआधी शिकवले तर ते नुसते नियम होतात.

सामाजिक शास्त्रांत आणि भाषेत कृती म्हणजे तक्ते चिकटवणे, हा समज अजून गेलेला नाही. गावाबाहेरची वीरगळ, पाणवठ्याची वाट, १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडायच्या कामावर काय खाल्ले, ग्रामसभेच्या फलकावर लिहिलेला खर्च, हे सगळे इतिहास आणि नागरिकशास्त्रच आहे. मुलांनी मुलाखत घेतली की दोन आज्यांच्या सांगण्यात फरक निघतो, आणि मग कोणाचे खरे, हे कसे ठरवायचे, या इतिहासाच्या मूळ प्रश्नापाशी मुले येतात. खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला पावरी बोलणारी मुले असतात. त्यांनी आपल्या घरच्या शब्दांचा छोटा कोश केला, तर मराठीच्या तासाला त्यांना पहिल्यांदाच काहीतरी इतरांना शिकवता येते. मोल याचे फार मोठे आहे आणि खर्च एका वहीचा.

गटकामात एक गोष्ट शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवी. सहावीनंतर मुले उपकरण हातात घेतात आणि मुली नोंदी लिहितात. अक्षर चांगले असल्याचे कारण दिले जाते. ही वाटणी दर तासाला बदलायचा नियम करणे सोपे आहे आणि तो केलाच पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मुलांना साधा भागाकार येत नाही आणि तुम्ही सावल्या कसल्या मोजता. आक्षेप खोटा नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ४५.८ टक्केच मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०१८ मध्ये हे प्रमाण ४४.१ टक्के होते. सहा वर्षांत, आणि त्यात करोनाची मोठी सुट्टी येऊनही, आकडा जवळपास तिथेच आहे. याचा अर्थ मी असा घेतो की आहे ती पद्धत, म्हणजे फळ्यावरची उदाहरणे आणि घरचा अभ्यास, वर्षानुवर्षे चालू ठेवूनही भागाकार आलेला नाही. महिनाभराच्या पावसाची सरासरी काढताना भागाकार लागतो, आणि तो आपल्या स्वतःच्या आकड्यांचा असतो. ज्याला येत नाही त्याला त्या दिवशी शिकवता येते, कारण त्याला तो हवा असतो. मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा सराव द्यावाच लागेल. पण तो कृतीची जागा घेऊन देणे म्हणजे ज्यांना शाळेचा कंटाळा आलेला आहे त्यांना आणखी कंटाळा देणे आहे.

मूल्यमापनाकडे आले की खरी गाठ दिसते. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प अशा आकारिक साधनांना गुण दिले. कल्पना उत्तम होती. पण त्यातला भारांश पाहा: पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. मूल जसजसे स्वतंत्र शोध घेण्याच्या वयाला येते तसतसे शोधाचे वजन कमी होत जाते. वर्णनात्मक नोंदींचे तर असे झाले की ‘गटकार्यात सहभागी होतो’, ‘स्वतःचे मत मांडतो’ अशी वाक्ये छापलेल्या पुस्तिका बाजारात आल्या आणि मुलाच्या नावापुढे त्यातली वाक्ये उतरवली जाऊ लागली. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आता राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षा आहे. परीक्षा असण्याला माझा विरोध नाही. तिच्यातले प्रश्न कसे असतात, यावर सगळे ठरते. ‘पर्जन्यमापकाची आकृती काढा’ आणि ‘एका गटाने झाडाखाली ठेवलेल्या डब्यात ८ मिमी आणि उघड्यावरच्या डब्यात १४ मिमी पाणी मोजले, गावाचा पाऊस म्हणून कोणता आकडा घ्याल आणि का’, या दोन प्रश्नांतला दुसरा प्रश्न पेपरात आला, तर पुढच्या वर्षी शाळाशाळांत डबे ठेवले जातील. कुठल्याही परिपत्रकापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

शिक्षकावर सगळा भार टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. छोट्या शाळांत सहावी, सातवी आणि आठवी मिळून दोन शिक्षक असतात, कधी एकच पदवीधर शिक्षक सगळे विषय घेतो. संचमान्यता पटावर ठरते, आणि डोंगरातल्या वाडीचा पट वाढणार नसतो. त्यात मतदार याद्या, यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, वेगवेगळ्या पोर्टलवर भरायचे तक्ते. विज्ञानाची पेटी कपाटात कुलूपबंद राहते, त्यालाही कारण आहे: काचेचे नळकांडे फुटले तर डेडस्टॉक रजिस्टरात त्याचे निर्लेखन करावे लागते, आणि ते करण्यापेक्षा पेटी न उघडणे शिक्षकाला सोपे जाते. वापरात फुटणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी थोडी रक्कम हिशोबाच्या कटकटीशिवाय मुख्याध्यापकांच्या हातात दिली, तर अनेक कुलुपे उघडतील. अटल टिंकरिंग लॅबसाठी २०१६ पासून सहावी ते बारावीच्या निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तिथे थ्री-डी प्रिंटर आहेत, रोबोटिक्सचे संच आहेत, आणि काही शाळांत त्यांचा उत्तम वापर होतो. पण ज्या शाळांना ते मिळाले नाही त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे, आणि त्यांना लागणाऱ्या वस्तू तालुक्याच्या बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळतात.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवी हा ‘मध्य टप्पा’ म्हणून वेगळा काढला, सुतारकाम, वीजकाम, कुंभारकाम, बागकाम यांची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली. राज्यानेही २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. शनिवारी परसबाग, खेळ, आर्थिक साक्षरता, आठवडी बाजार भरवणे असे उपक्रम होतात. मुलांना ते आवडतात आणि आवडावेतच. माझी काळजी एवढीच आहे की आनंदाला शनिवार नेमून दिला की सोमवार ते शुक्रवार पुन्हा फळ्याचे होतात. मुलांच्या बाजारात झालेल्या विक्रीचा हिशोब सोमवारी गणिताच्या तासाला आला नाही, कोणाला तोटा का झाला यावर चर्चा झाली नाही, तर शनिवारचे फोटो मोबाइलवरच्या गटावर जातात आणि तिथेच संपते. उपक्रम झाला याचा पुरावा म्हणून फोटो मागणे थांबवून त्याऐवजी मुलांच्या वहीतले एखादे पान मागितले तर बरे.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राज्यात दर महिन्याला केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरते. आठ-दहा शाळांचे शिक्षक एकत्र येतात. आज तिथे बराच वेळ सूचना वाचण्यात आणि माहिती भरण्याच्या स्मरणपत्रांत जातो. सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी या बैठकीत अर्धा तास वेगळे बसून फक्त एक काम करावे: प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन मुलांच्या वह्या आणाव्यात, ज्यांत मुलांनी आधी काय वाटले, मोजल्यावर काय आले आणि मग काय ठरवले हे लिहिलेले आहे. एका शाळेत कडुलिंबाखालच्या डब्याचा आकडा कमी आला असेल, दुसरीत जास्त. दोन्ही शिक्षकांनी एकमेकांना विचारावे, तुमच्या मुलांनी याचे कारण काय सांगितले?